आधी पट्टी, मग लाकूड

जुन्या क्लॅरिओनेटच्या अंगावर, कंपनीच्या शिक्क्याखाली, कधी कधी दोन बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात: एचपी. ती दिसली की मी गिऱ्हाइकाला सांगतो, पेटीच्या संगतीला हे घेऊ नका, पुढे रडाल. लाकूड कितीही काळंभोर असो, चाव्यांवरची चांदी कितीही शाबूत असो. एचपी म्हणजे हाय पिच, आणि हाय पिच म्हणजे इंग्रजी पलटणींचा जुना चढा सूर. आज पांढरी सहाचा सूर बहुतेक सगळीकडे ४४० कंपनांवर धरतात. पलटणींचा तोच सूर ४५२च्या वर होता. फरक अर्ध्या सुराच्या जवळजवळ निम्मा. पेटीवाल्यानं काळी पाच धरली तर हे वाद्य काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध कुठेतरी लोंबकळणार, आणि पेटीला तिथे पट्टीच नाही.

मी पुण्यात वाद्यं दुरुस्त करतो. त्याआधी बरीच वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवलं. आमच्या घरात मूळची सनई. आजोबा मांडवाच्या बाहेर घोंगडीवर बसून वाजवायचे, वडील बँडमध्ये गेले आणि उभे राहून वाजवायला लागले. हल्ली माझ्याकडे दुरुस्तीला ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन जास्त येतात. पण गेल्या लग्नसराईच्या तोंडावर एका बँडचा तरुण मालक आला. आजोबांनी काढलेला बँड आता त्याच्या गळ्यात पडलेला. त्याला ‘प्रोफेशनल’ क्लॅरिओनेटं घ्यायची होती. मोबाइलवर एका फ्रेंच कंपनीचा कॅटलॉग उघडून त्यानं माझ्यापुढे धरला. “काका, यातलं कुठलं घेऊ?” मी म्हटलं, आधी चहा घे. कारण आपल्या बँडांनी क्लॅरिओनेट कसं निवडलं याची गोष्ट पार क्रिमियाच्या युद्धापासून सुरू होते.

१८५४ साली, त्या युद्धाच्या धामधुमीत, स्कुटारीला इंग्रजी फौजेनं राणीच्या वाढदिवसाचं संचलन केलं. जमलेल्या सगळ्या बँडांनी एकदम राष्ट्रगीत सुरू केलं आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी निघाली, अशी हकिकत सांगतात. दोस्तराष्ट्रांच्या सरदारांपुढे फजिती झाली. कारण साधं होतं. बँडचा खर्च पलटणीचे अधिकारी आपल्या खिशातून करायचे. बँडमास्तर बहुतेक वेळा भाड्यानं आणलेला परदेशी, जर्मन नाहीतर इटालियन, आणि ज्या कारखानदाराकडून कमिशन सुटेल त्याची वाद्यं तो पलटणीच्या गळ्यात मारायचा. (ही रीत आपल्याकडे साहेबानं आणली की आधीपासूनच होती, या वादात मी पडत नाही.) मग १८५७ साली लंडनजवळ नेलर हॉलमध्ये लष्करी संगीताची शाळा निघाली. तिथे बँडमास्तर तयार होऊ लागले आणि पलटणींना एक सूर लागला, तो चढा.

पुढे १८९६ साली लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीनं आपला सूर खाली घेतला. लष्करानं घेतला नाही. एवढ्या पलटणींची एवढी वाद्यं बदलायची म्हणजे खर्च कोणी करायचा? अखेर १९२०च्या दशकाच्या शेवटी लष्करही खाली उतरलं, आणि चांगली धडधाकट लाकडी वाद्यं एका हुकमासरशी मोडीत निघाली.

मोडीतली वाद्यं लिलावात जातात, लिलावातून बाजारात येतात. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, कॅम्प आणि खडकीतली जुनी दुकानं, सगळीकडे ती मला आयुष्यभर भेटत आली. ‘हॉक्स अँड सन, डेन्मन स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस’ असा पत्ता कोरलेली. ‘एक्सेलसियर सोनोरस क्लास’ अशी भारदस्त पदवी मिरवणारी. रीजंट स्ट्रीटच्या बूझीची. (बूझी आणि हॉक्स १९३० साली एक झाले, त्यामुळे दोन्ही नावं एकत्र दिसली तर वाद्य त्यानंतरचं समजायचं.)

लग्नाच्या बँडला चढ्या सुराचा त्रास होता का? नव्हता. कॉर्नेट, युफोनियम, क्लॅरिओनेट सगळंच पलटणीतून आलेलं असेल तर सगळेच मिळून चढे, आणि वरातीतल्या घोड्याला सुराचं काही नसतं. भानगड सुरू झाली ती वाद्यं एकेक करून बदलू लागल्यावर. नवा ट्रम्पेट आला लो पिचचा, म्हणजे आजच्या उतरलेल्या सुराचा, क्लॅरिओनेट राहिलं आजोबांच्या वेळचं. मग मास्तर ओरडणार, “बॅरल ओढ, बॅरल!” माउथपीसच्या खालचा तो आखूड तुकडा थोडा बाहेर ओढला की नळी लांबते आणि सूर उतरतो, हे खरं. पण मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं हे काम. चढ्या सुराचं क्लॅरिओनेट मुळातच दीड-दोन सेंटिमीटरनं आखूड, आणि त्याची भोकंही त्या हिशेबानं पाडलेली. बॅरल भसकन ओढलं तर वरच्या भोकांचे सूर जास्त उतरतात, खालच्या भोकांचे कमी. मग वाद्य पेटीशी जुळत नाही ते नाहीच, स्वतःशीही जुळेनासं होतं. मी अशी लांब बॅरलं लेथवर करून दिलेली आहेत, पैसेही घेतलेत, आणि प्रत्येक वेळी सांगितलंय की हा इलाज नव्हे.

त्यात आपला मे महिना. ऊन तापलं की क्लॅरिओनेट चढतं आणि पेटी किंचित उतरते. दुपारच्या बाराच्या मुहूर्ताला दोघांची गाठ घालणाऱ्या मास्तरची मला कायम दया आलेली आहे.

हे वाद्य आपल्याकडे पलटणीबरोबर आलं, हे खरं, पण पलटणीपुरतं राहिलं नाही. १७००च्या सुमाराला न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेन्नरनं ते घडवलं असं मानतात. शंभर वर्षांत त्याला पाच-सहा चाव्या लागल्या, आणि त्याच सुमाराला एका मराठी राजानं पाश्चात्त्य बँड पदरी ठेवला. तंजावरचे सरफोजीराजे भोसले, राज्यकाल १७९८ ते १८३२. राज्याचा कारभार इंग्रजांनी काढून घेतलेला, तेव्हा राजानं ग्रंथ, वैद्यक आणि संगीत यांत जीव रमवला. त्यांच्या वाड्यातल्या बँडची ख्याती होती, आणि पाश्चात्त्य संगीताच्या त्यांनी जमवलेल्या चोपड्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी दफ्तरांच्या शेजारी आहेत. त्याच तंजावरच्या मुलखात पुढे महादेव नट्टुवनार यांनी क्लॅरिओनेट नाचाच्या साथीला आणलं असं सांगतात. तिथून ते कर्नाटक संगीतात इतकं मुरलं की नादस्वरमच्या तालमीतून आलेले ए. के. सी. नटराजन क्लॅरिओनेटवर पूर्ण मैफल करू लागले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्याकडच्या कुणाला त्या वाद्यावर असा मान मिळाल्याचं मला आठवत नाही. असो.

इकडे मुंबई-पुण्याला आणखी एक वाट होती, गोव्याची. तिथल्या चर्चच्या शाळांतून मेस्त्रीच्या, म्हणजे संगीतमास्तरच्या, छडीखाली पोरं स्वरलेखन वाचायला शिकायची आणि मुंबईला येऊन लष्करी, पोलिसी बँडांत, नंतर सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात भरती व्हायची. कागद पुढे ठेवला की वाजवायची त्यांची तयारी. धोबी तलावला फुर्तादोंची १८६५ साली निघालेली पेढी आहे. तिथे गोवेकर वादक नवीन वाद्य तपासून घेताना मी तासन्‌तास उभा राहून पाहिलंय. आमची माणसं कानावर शिकलेली. लग्नाचे बँड निघाले ते या दोन्ही मंडळींचं पाहून, पण त्यात आले ते सनई, संबळ, हलगी वाजवणाऱ्या समाजांतले लोक, होलार, मातंग, घडशी, गुरव. वाद्य बदललं, वाजवणारी घरं तीच राहिली. फक्त अंगावर पितळी बटणांचा लाल कोट आला. त्या कोटाची चेष्टा करणाऱ्यांना मांडवाबाहेरची घोंगडी माहीत नाही.

सनईवाल्याला क्लॅरिओनेट सोपं गेलं असेल असं लोकांना वाटतं. सनई निमुळती, खाली रुंद होत जाणारी. फुंक जोरात मारली की त्याच बोटांवर वरचा सा येतो. क्लॅरिओनेटची नळी सरळ. तिच्यात मंद्र सा धरून मागची अंगठ्याची चावी उघडा, वरचा सा येतच नाही, येतो मध्य सप्तकातला पंचम. म्हणजे खालच्या सप्तकाची बोटं वेगळी आणि वरच्याची वेगळी, मधे एक अवघड सांधा. वडील सांगायचे, पहिलं वर्ष त्या सांध्यातच गेलं. बदल्यात मिळालं ते साडेतीन सप्तकांचं वाद्य, खर्जात जाड आणि वर गेलं की टोकदार.

आता बोटांचा प्रश्न, कारण तरुण मालकाच्या कॅटलॉगातला सगळा माल एकाच पद्धतीचा होता. १८१२ साली इव्हान म्युलर नावाच्या वादकानं तेरा चाव्यांचं क्लॅरिओनेट पॅरिसच्या संगीतशाळेपुढे ठेवलं. एकाच वाद्यावर सगळ्या पट्ट्या वाजतील असा त्याचा दावा. परीक्षकांनी ते नापास केलं. वेगवेगळ्या पट्टीच्या क्लॅरिओनेटांचा रंग वेगवेगळा असतो, तो यानं जाईल, असं त्यांचं म्हणणं. मला त्या परीक्षकांबद्दल उगीचच आपुलकी वाटते. पण वाद्य चाललं, आणि ब्रसेल्सच्या आल्बेर घराण्यानं त्याच वंशाचं वाद्य इतकं नीट बनवलं की इंग्रजी मुलखात त्या पद्धतीला अल्बर्ट हेच नाव पडलं. दुसरीकडे पॅरिसमध्ये क्लोझे आणि ब्युफे यांनी नवी जुळणी काढली. १८३९ साली ती प्रदर्शनात मांडली, १८४४ साली तिचं पेटंट घेतलं. तिला बोम म्हणतात. बोटांची कसरत कमी, चाव्या आणि कड्या जास्त. बहुतेक जग बोमकडे गेलं.

आमचे बँड अल्बर्टवर राहिले. तुर्कस्तान आणि ग्रीसचे वादकही राहिले, न्यू ऑर्लिन्सचे जुने जॅझवालेही. शहाणे लोक याला मागासलेपण म्हणतात. पैशाचा भाग होताच, पलटणीचा स्वस्त माल अल्बर्टचा होता. पण वडिलांच्या हातात दोन्ही देऊन मी पाहिलेलं आहे. अल्बर्टची बरीच भोकं उघडी, कडी नसलेली. बोटाचं पेर थेट लाकडावर. बोट सरळ न उचलता हळूच कडेला सरकवलं की सूर तुटत नाही, रिषभावरून गंधार घसरत येतो. त्याला दोन नंबरचं मऊ रीड, आणि ओठ किंचित सैल. हा जो घसरता सूर आहे तो लग्नात नवरी निघताना लागतो, नाट्यगीताला लागतो, लावणीला तर लागतोच लागतो. बोमवर तो निघत नाही असं नाही. निघतो, पण कडीवरून बोट सरकवायचं म्हणजे मेहनत जास्त. युरोपातला वादक ज्याला दोष समजून घासून काढतो तेच आमच्या माणसाला हवं होतं, आणि म्हणून त्यानं जुनं वाद्य सोडलं नाही. माझं एवढंच म्हणणं आहे. आमच्या लोकांच्या हातात साहेबाचा टाकलेला माल आला हे खरं, पण त्यातलं काय ठेवायचं आणि काय परत जुन्या बाजारात नेऊन टाकायचं हे त्यांनी कानानं ठरवलं.

प्रभात बँडचे बंडोपंत सोलापूरकर ज्यांनी ऐकले त्यांना हे पटवून द्यावं लागणार नाही. एचएमव्हीच्या तबकड्यांवर मास्टर इब्राहिम सिनेमाची गाणी क्लॅरिओनेटवर वाजवायचे. त्या तबकड्या आमच्या वस्तीत इतक्या घासल्या गेल्या की पुढे बँडमध्ये अंतरा कसा घ्यायचा याची तीच शाळा झाली. मुखडा ट्रम्पेटनं फोडायचा, अंतरा क्लॅरिओनेटनं गायचा. लताबाईंची जागा क्लॅरिओनेटची, असा अलिखित करार होता.

लाकडाचं सांगतो. चांगलं क्लॅरिओनेट आफ्रिकन ब्लॅकवुडचं, टांझानिया-मोझांबिककडचं. आपल्या शिसवीचं ते भावकीतलंच झाड, पण जास्त घट्ट आणि तेलकट. ते आपल्याकडे फुटतं. आत तोंडाची ओली गरम फुंक, बाहेर डिसेंबरातली पहाट किंवा एप्रिलमधली कोरडी झळ. आतलं लाकूड फुगतं, बाहेरचं आकसतं, आणि वरच्या तुकड्यावर, बहुधा ट्रिल चावीच्या भोकापाशी, केसासारखी चीर पडते. म्हणून बँडवाल्यांनी एबोनाइट, म्हणजे टणक केलेलं रबर, पसंत केलं. ते फुटत नाही, पण उन्हात ठेवलं की काळ्याचं हिरवट-पिवळं होतं आणि तोंडाला गंधकाचा वास मारतो. गरम मुलखासाठी पत्र्याची क्लॅरिओनेटंही निघाली होती. आमच्या उन्हात ती हातात धरवत नसत.

चीर लपवणं ही विकणाऱ्याची कला आहे. गोंद, लाकडाचा भुगा, वर काळं बूटपॉलिश. मी वाद्य उजेडात तिरकं धरतो आणि अंगठ्याचं नख भोकाभोकावरून फिरवतो. डोळ्याला न दिसलेली चीर नखाला अडकते. मग वरचा तुकडा सुटा करायचा. सगळी भोकं बोटांनी दाबायची, खालचं तोंड तळहातानं बंद करायचं, वरून ओठ लावून हवा ओढायची आणि थांबायचं. ओठ नळीला चिकटून राहिले पाहिजेत. मनात पाच मोजेपर्यंत ओढ टिकली आणि सोडताना ‘टप्प’ असा आवाज आला तर पॅड आणि लाकूड ठीक. हळूहळू सुटली तर हवा कुठेतरी गळतेय, बहुधा पॅडातून, ते शंभर रुपयांचं काम. झटकन सुटली तर विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. शेवटी स्प्रिंगा. पोलादी सुईच्या स्प्रिंगा पावसाळ्यात गंजतात, आणि त्या तुटतात नेमक्या वरातीत. जुने वादक खिशात रबरबँड ठेवायचे ते याचसाठी.

स्वातंत्र्यानंतर परदेशी माल येणं अवघड झालं आणि मेरठचं राज्य आलं. मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्यं बनतात. लष्करात बँड सांभाळलेल्या नादिर अलींनी १८८५ साली तिथे धंदा सुरू केला, आणि आज देशभरच्या वरातींत त्या गल्लीचं पितळ वाजतं. पितळी वाद्यांना मी नावं ठेवणार नाही. पण तिकडून आलेली स्वस्त क्लॅरिओनेटं माझ्या टेबलावर पुष्कळ येतात. चाव्यांचं पितळ मऊ, पेटीत वाद्य जरा दाबून ठेवलं की वाकतात. भोकं हातानं पाडलेली, त्यामुळे एकाच गठ्ठ्यातल्या दोन नगांचा धैवत जुळेल याची खात्री नाही. गरिबाच्या बँडला मात्र हीच परवडली, आणि मालक वाद्य घेणार, वादकानं मिळेल ते वाजवायचं, हा धंद्याचा नियम असल्यामुळे वादकाला कुणी विचारलंच नाही. ज्याच्याजवळ स्वतःचं क्लॅरिओनेट तोच दिवाळीनंतर सुपाऱ्या सुरू झाल्या की मालकाशी भाव करू शकायचा. वडिलांनी आईची पाटली मोडून हॉक्सचं एक लो पिचचं अल्बर्ट घेतलं ते त्याचसाठी.

तर ‘प्रोफेशनल’ म्हणजे काय? कॅटलॉगात त्याचा अर्थ ब्लॅकवुड, चांदीचा मुलामा, अरुंद नळी, १४.६ मिलिमीटरच्या आसपास. ब्युफेचं आर-१३ हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं, १९५०च्या दशकातलं. सभागृहात त्याच्यासारखं गोड वाजणारं वाद्य क्वचित. बूझी-हॉक्सचं जुनं दहा-दहा मॉडेल याच्या उलट, नळी १५.२ मिलिमीटरची, आवाज ऐसपैस. लक्ष्मी रोडवर पुढे साइड ड्रम, मागे ढोल-ताशाचं पथक आणि बाजूला कुणाची तरी डीजेची भिंत असताना कुठलं ऐकू येईल ते मी त्या पोराला विचारलं. तो म्हणाला, “काका, भिंतीपुढे कुठलंच नाही.” खरं बोलला.

त्याचा बँड एकवीस जणांचा. आम्ही मिळून ठरवलं ते असं. नव्या पोरांसाठी दोन एबोनाइटची, बोम, कारण शिकवणारे आता बोमचेच मिळतात आणि सुटे भागही त्याचेच. मास्तरसाठी एक जुनं रुंद नळीचं, लो पिच, माझ्याकडून पॅड बदलून. फ्रेंच कॅटलॉग बंद. त्याऐवजी त्या पैशातून तिन्ही वाद्यांना चांगले माउथपीस, कारण आवाजाचा निम्मा हिशेब तिथेच मिटतो. रीडं दोन नंबरची घे, असं दोनदा बजावलं. त्यानं दुकानदाराचं ऐकून तीन नंबरचा डबा आणला. आता पोरं ब्लेड घेऊन ती तासत बसलीत, आणि त्यातली निम्मी फुकट घालवल्यावर परवा त्याचा फोन आला, “काका, डबा बदलून मिळेल का?”